पातं साहेबाचं, धार कुणाची?

समीक्षा म्हटली की आपल्यासमोर कविता येते, कथा येते, एखाद्या प्रस्थापित लेखकाची जाडजूड कादंबरी येते. मी आज एका चिठ्ठीची समीक्षा करणार आहे. चिठ्ठी तीन ओळींची. एका संग्रहालयात, काचेच्या पेटीत, एका तलवारीखाली ठेवलेली. तीन ओळींसाठी एवढी पानं कशाला खराब करतोस, असं कुणी म्हणेल. पण ज्या समाजाचा अख्खा इतिहास दीड ओळीत गुंडाळला गेला, त्यानं तरी तीन ओळींना कमी लेखू नये.

घडलं असं. वस्तीतल्या चार पोरांना घेऊन संग्रहालय दाखवायला गेलो होतो. शस्त्रांच्या दालनात पोरं आपोआप थांबली. पोरंच ती. मातीची मडकी बघायला कोण थांबतंय? पेटीत एक वाकडी, रुंद पात्याची तलवार होती. खाली लिहिलेलं : घोडदळ अधिकाऱ्याची तलवार. ब्रिटिश, १७९६ चा नमुना. पोलाद, कातडे, चांदीची तार. खेळ खलास.

पहिल्या पोरानं विचारलं, ‘‘सर, हिनं कोणाला मारलं असंल?’’ पहारेकरी लांबूनच ओरडला, ‘‘काचेला हात लावू नका.’’ मग सगळ्यात धाकटा, ज्याचा बाप सायकलवर दगड बांधून कात्र्या-सुऱ्यांना धार लावत फिरतो, तो हळूच म्हणाला, ‘‘हिला धार कोण लावत असंल?’’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं असतं. दुसऱ्यानं मी गप्प झालो. घरी आलो, पुस्तकं काढली, वाचनालयात जाऊन बसलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतो. त्या चिठ्ठीत काय नाही, हे त्यातून कळेल. आणि आपण स्वतः तलवारीवर जे लिहितो-बोलतो त्यात काय नाही, तेही कळेल.

आधी वस्तूशी इमान राखू. आपण शिवी द्यायची तरी वस्तू नीट बघून द्यावी.

१७९३ साली इंग्रजांची फौज फ्लँडर्समध्ये फ्रेंचांशी लढत होती. तिथं जॉन गॅस्पर्ड ल मार्शां नावाचा एक तरुण घोडदळ अधिकारी होता. त्यानं बघितलं की आपल्या स्वारांना तलवार चालवताच येत नाही. वार शत्रूवर कमी, स्वतःवर आणि स्वतःच्या घोड्यावर जास्त. शेजारी लढणारे ऑस्ट्रियन अधिकारी हसायचे. इंग्रजांची तलवारबाजी म्हणजे लाकडं फोडणं आहे, असं त्यांचं म्हणणं. हा माणूस चिडला नाही. शिकला. परत आल्यावर बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑस्बॉर्न या तलवार बनवणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यानं नवी तलवार बसवली. तीच ही १७९६ ची, हलक्या घोडदळाची. तलवारीसोबत तिच्या कवायतीचं पुस्तकही त्यानं त्याच साली काढलं. त्यात सहा मुख्य वार. अख्ख्या घोडदळाला तेच सहा वार एका मापानं शिकवायचे.

पातं साधारण तेहतीस इंच. वाकडं. एकधारी. आणि गंमत ही, की टोकाकडं जाताना ते निमुळतं होत नाही, उलट रुंद होतं. कोयत्यासारखं. वजन पुढं, त्यामुळं वार खोल बसतो. खुपसायला ही तलवार फारशी कामाची नाही. घोड्यावरून जाता जाता उतरवायला हिच्यासारखी दुसरी नाही. मुठीला एकच वाकवलेली पट्टी, रिकिबीसारखी. बोटं वाचवायला तेवढीच. म्यान लोखंडाचं, त्याला दोन कड्या. या ‘लोखंडाचं’ शब्दाखाली रेघ मारून ठेवा. पुढं लागणार आहे.

ही तलवार इतकी गाजली की प्रशियानं १८११ मध्ये जवळपास जशीच्या तशी उचलली. वॉटर्लूला १८१५ मध्ये तिच्याच भाऊबंद तलवारी दोन्ही सैन्यांच्या हातात होत्या. १८२१ मध्ये इंग्रजांनी नवा नमुना काढला आणि ही जुनी ठरली. ल मार्शां तोवर राहिला नव्हता. २२ जुलै १८१२ रोजी स्पेनमधल्या सालामांकाच्या लढाईत, घोडदळाचा हल्ला चढवताना, तो गोळी लागून मेला. तलवारीचा बाप गोळीनं गेला. हेही लक्षात असू द्या.

आता चिठ्ठीतला शब्द घेऊ. ‘अधिकाऱ्याची’.

एकाच नमुन्याच्या तलवारीत दोन जाती होत्या. साध्या स्वाराची तलवार सरकारी. उघडं पोलाद, मुठीवर साधं कातडं, पात्याच्या पाठीवर बनवणाऱ्याचं नाव. अधिकाऱ्याची तलवार त्याच्या स्वतःच्या पैशाची. तो दुकानात जाऊन पसंत करायचा. पातं आगीत तापवून निळं केलेलं, त्यावर सोन्याचा मुलामा, राजाचा मुकुट, राजाच्या नावाची अक्षरं, वेलबुट्टी. मूठ माशाच्या खरखरीत कातड्यात मढवलेली, त्यावर चांदीची तार. मापं तीच. मारायची ताकद तीच. फरक कशाचा? वर कोण आणि खाली कोण, हे लांबून दिसावं याचा.

हा अधिकारी पराक्रमानं अधिकारी व्हायचा, असंही समजू नका. इंग्रजांच्या सैन्यात पायदळाची आणि घोडदळाची अधिकारपदं विकत मिळत. त्याचे दर ठरलेले होते, आणि घोडदळाचे दर पायदळापेक्षा चढे. हा बाजार १८७१ साली बंद झाला. म्हणजे ही तलवार ज्या कमरेला लटकली, ती कमर बहुतेक श्रीमंताच्या घरची. जन्मानं मिळालेलं पद आणि पैशानं मिळालेलं पद यांत किती अंतर असतं, ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. साहेबाकडं आपल्यासारखी जात नव्हती म्हणतात. खरं आहे, विटाळ नव्हता. पण तलवारीवर सोनं कुणी लावायचं आणि उघडं पोलाद कुणी वापरायचं, याचा हिशेब त्याच्याकडंही चोख होता.

म्हणून ‘अधिकाऱ्याची तलवार’ ही काही हत्याराची जात नाही. ती माणसाची जात आहे. संग्रहालयानं तेवढी बरोबर नोंदवली. बाकीच्यांची खोडली.

बाकीचे कोण? मोजू या.

बर्मिंगहॅमच्या भट्टीत पातं ठोकणारा. पाण्याच्या चाकावर फिरणाऱ्या भल्यामोठ्या दगडावर पातं घासणारा. इंग्लंडातच शेफिल्डला कोरड्या दगडावर पोलाद घासणारे कामगार त्या धुळीनं छाती भरून तरुणपणीच मरत. त्यांच्या दम्याला धंद्याचंच नाव पडलं होतं. कातडं कमावणारा. तार ओढणारा. यांच्या मालाची पारख करण्यात आपली ईस्ट इंडिया कंपनीही होती. १७८६ साली कंपनीनं स्वारांच्या तलवारी मागवल्या, तेव्हा जर्मनीतल्या झोलिंगेनचं पातं चांगलं की बर्मिंगहॅमचं यावर वाद पेटला. पाती वाकवून वाकवून तपासली गेली आणि बर्मिंगहॅमच्या थॉमस गिलची पाती सरस ठरली. बघा, या तलवारीचा धंदा सुरुवातीपासून आपल्या देशाच्या लुटीशी बांधलेला आहे.

मग हिंदुस्थानात आल्यावर आणखी माणसं चिकटली. इथं घोडदळाच्या प्रत्येक घोड्यामागं एक मोतद्दार आणि एक गवत कापणारा ठेवायची रीत होती. म्हणजे एका तलवारीमागं दोन माणसं, ज्यांच्या हातात खरारा आणि खुरपं. चारशे तलवारींचं रिसाल्याचं पथक निघालं की मागं आठशे माणसं पायी. गवत कोण कापत असेल? मी नाव सांगत नाही. तुमच्या आजीला विचारा.

आता असई. २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. आर्थर वेलस्ली एका बाजूला, शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा दुसऱ्या बाजूला. वेलस्लीकडं गोरं घोडदळ एकच, एकोणिसावी लाइट ड्रॅगून्स. हलक्या घोडदळाची त्या काळची ठरलेली तलवार हीच, १७९६ ची. त्यांच्यासोबत मद्रासची देशी घोडदळं. या घोडदळाचा सरदार पॅट्रिक मॅक्सवेल तिथंच पडला. कंपनीकडचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांच्या वर गेले. त्या रेजिमेंटला पुढं हत्तीचं चिन्ह आणि ‘असई’ हे नाव मिळालं. गवत कापणाऱ्यांना काय मिळालं? पुढच्या गावचं गवत.

मी मराठवाड्यातला. असईवरून मी लहानपणी बैलगाडीतून गेलो आहे. माझ्या म्हाताऱ्याला एवढंच ठाऊक होतं की ‘‘हितं सायबाची लढाई झाली.’’ कुणाशी, कशासाठी, त्याला पत्ता नव्हता. दोन्ही बाजूंच्या राज्यात त्याच्या आज्या-पणज्याची जागा गावकुसाबाहेरच होती. राज्य कुणाचंही येवो.

आता या सगळ्या लेखाचं मूळ. त्या धाकट्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर मला जिथं सापडलं, ती गोष्ट.

लुई नोलान नावाचा एक इंग्रज कॅप्टन. घोडदळाचा वेडा. हुसार रेजिमेंटबरोबर तो मद्रास इलाख्यात होता. १८५३ मध्ये त्यानं लंडनला घोडदळावर एक पुस्तक काढलं. त्यात तो सांगतो : हैदराबादच्या निजामाच्या मुलखात निजामाच्या बेकवायती स्वारांची रोहिल्यांशी एक चकमक झाली. स्वार थोडे, समोरचे पुष्कळ. तरी स्वारांनी कापाकापी केली. डॉक्टरनं जखमांची यादी दिली ती वाचून नोलान चक्रावला. मुंडकी उडालेली, हात मनगटातून वेगळे झालेले. असले वार त्याच्या स्वतःच्या गोऱ्या स्वारांकडून कधी झाले नव्हते. त्याला वाटलं, यांच्या तलवारी कसल्यातरी जादूच्या पोलादाच्या असणार. बघायला गेला.

आणि काय निघालं? त्या इंग्रज ड्रॅगूनांच्याच जुन्या, टाकून दिलेल्या तलवारी निघाल्या! साहेबाच्या सैन्यानं निकामी म्हणून फेकलेली पाती. या लोकांनी त्यांना देशी मूठ बसवली, वस्तऱ्यासारखी धार काढली, आणि लाकडी म्यानात ठेवली. लढाईशिवाय म्यानातून बाहेर काढायची नाही. बस, एवढीच जादू.

इंग्रजाची तलवार लोखंडी म्यानात. कवायतीला रोज उपसायची, रोज घालायची. प्रत्येक खेपेला धार लोखंडावर घासते आणि मरते. वरून चकाचक, आतून बोथट. साहेबाचा थाट म्यानाच्या खणखणाटात, आणि त्या खणखणाटानंच पातं बाद. नोलाननं हे ओळखलं, सैन्याला कळकळीनं सांगितलं. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, क्रिमियात बालाक्लाव्हाला हलक्या घोडदळाचा तो प्रसिद्ध वेडा हल्ला झाला, त्यात हा पहिल्या काही मिनिटांत मेला. तोफेच्या गोळ्याच्या तुकड्यानं. धार बोथट की तीक्ष्ण, हा प्रश्नच तिथं उरला नव्हता.

ही गोष्ट मी पोरांना सांगितली तेव्हा पोरं टाळ्या वाजवायला लागली. आपल्या लोकांनी साहेबाला दाखवलं! मी म्हणलं, थांबा. आपल्या कोणत्या लोकांनी?

नोलान स्वारांशी बोलला. त्यांना श्रेय दिलं. पण धार लावणाऱ्याचं नाव त्याच्याही पुस्तकात नाही. फेकलेल्या पात्याला देशी मूठ ज्यानं बसवली त्याचं नाव नाही. लाकडाचं म्यान ज्यानं कोरलं, त्यावर कातडं ज्यानं चढवलं, त्यांची नावं नाहीत. आपल्या मुलखात तलवारीला पाणी चढवणं, धार देणं हे शिकलगाराचं काम. मूठ-पातं जोडणं लोहाराचं. कातडं आमच्या चर्मकार भावाचं. तलवारी गेल्या आणि शिकलगार कात्र्या-सुऱ्यांवर आला, दारोदार फिरू लागला. माझ्यासोबत आलेला तो धाकटा त्याच हातांचा नातू आहे. काचेच्या पेटीपुढं उभं राहून त्यानं चुकून स्वतःच्या आज्याचा पत्ता विचारला होता.

आणि आपली व्यवस्था बघा. दसऱ्याला पाटलाच्या वाड्यात शस्त्रांची पूजा. तलवारीला हळद-कुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. म्यानाचं कातडं चर्मकाराच्या कुंडात भिजलेलं. ते कातडं देवघराशेजारी चालतं. ते कमावणारा उंबऱ्याबाहेर. माझा आजा त्या वाड्याच्या दारात रात्र-रात्र राखण करायचा, हातात काठी. आतली तलवार त्यानं जन्मात जवळून पाहिली नाही. कातडं शुद्ध होतं, माणूस होत नाही. या एका वाक्यात सगळं धर्मशास्त्र आलं.

कुणी म्हणेल, हे परक्याच्या तलवारीचं झालं. मग आपली घ्या. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र सरकारनं २०२५ साली लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना परत आणली. मिरवणूक, भाषणं, फुलं. परत आणली त्याला माझा विरोध नाही. वस्तू आपली, आली पाहिजे. पण ती ‘फिरंग’ जातीची. म्हणजे पातं युरोपातलं, मूठ इथली. स्वदेशी अभिमानाच्या मिरवणुकीत मिरवलं ते पातं विलायती कारागिराचं! यात लाज काही नाही. हत्यारं अशीच हातोहात फिरतात. लाज याची की मिरवणुकीत पाती कुणाची, मुठी कुणाच्या, धार कुणाची, हे कुणी उच्चारत नाही. राजा तेवढा उरतो.

आता आपल्याकडं वळतो. चिठ्ठीला झोडपणं सोपं. आपलं काय?

गेली काही वर्षं आपल्या पोरांच्या कवितेत, बॅनरवर, १ जानेवारीच्या पोस्टरवर तलवार फार दिसते. घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला महार वीर. मागं लाल सूर्य. एका सभेत तर एका कार्यकर्त्यानं स्टेजवर भाड्यानं आणलेली पत्र्याची तलवार उपसली. टाळ्या पडल्या. मी खाली उतरल्यावर त्याला म्हणलं, ‘‘दादा, कोरेगावला आपल्या लोकांकडं ही नव्हती.’’ तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी फितूर.

पण खरं तेच आहे. १ जानेवारी १८१८. कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडं निघालेली. मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, दोन तोफा, आणि थोडे स्वार. सगळे मिळून आठशेच्या आसपास. महार होते ते त्या पायदळात. पायी. हातात चकमकीची बंदूक, तिला संगीन. दिवसभर अन्नपाण्यावाचून ते गावातल्या भिंतींच्या आडून लढले. एक तोफ गेली तेव्हा लेफ्टनंट पॅटिन्सन हा गोळी लागून पडलेला गोरा अधिकारी उठला, आणि त्यानं काय उचललं? बंदूक. नळीकडून धरून दस्त्यानं हाणत तो घुसला आणि तोफ परत मिळवली. तो अधिकारी होता, तरी त्या क्षणी हाताशी आली ती शिपायाची बंदूक. तो आधीच घायाळ होता, पुढं मेला. विजयस्तंभावर कोरलेली नावं वाचा. नावाच्या शेवटी ‘नाक’ असलेले ते शिपाई. घोडा नाही, तलवार नाही, सोनेरी पातं नाही. तरी दगडावर नाव आहे.

मग आपण त्यांना घोड्यावर का बसवतो? कारण पराक्रम म्हटला की तो घोड्यावरच दिसला पाहिजे, हे आपल्या डोळ्यांना कुणीतरी शिकवलं. ते आपण शिकलो, तपासलं नाही.

घोडदळात आपण का नव्हतो, हे समजून घ्या. यात शौर्याचा संबंध नाही, मालकीचा आहे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येणारा. शिवकाळात आणि पेशवाईत शिलेदार तोच, ज्याच्याकडं घोड्याची ऐपत. इंग्रजांनीही देशी घोडदळात हीच शिलेदारी पद्धत चालू ठेवली. स्वारानं भरतीला घोड्याचे पैसे मोजायचे. ती पहिल्या महायुद्धानंतर मोडली. ज्याला जमीन नाही, ज्याच्या वाट्याला मेलेलं ढोर आणि येसकरकी, तो घोडा कुठून आणणार? आणि आणला तरी गावातून बसून जाणार कसा? २०१८ साली गुजरातेत भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. घोडा पाळतो, त्यावर बसतो, हे सवर्णांना खुपलं म्हणून मारलं, असा त्याच्या बापाचा आरोप. नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या तर दरसाल येतात. चारपायी जनावर, पण त्याच्या पाठीची उंची ही जातीची उंची आहे.

पायदळात बंदूक सरकार देत होतं, म्हणून आपण पायदळात होतो. बंदुकीला ऐपत लागत नव्हती. हिंमत लागत होती, ती होती. मग साहेबानं तेही दार लावलं. १८९० च्या दशकात ‘लढाऊ जाती’चं खूळ आलं आणि महारांची भरती बंद झाली. ज्यांनी राज्य मिळवून दिलं ते एका फर्मानानं बिनलढाऊ ठरले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केला. बघा, पेन्शनीत निघालेले शिपाई आणि त्यांची पोरं अर्ज लिहिताहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. सुभेदाराचा मुलगा. तिथं जमलेल्या लोकांना त्यांनी पत्र्याची तलवार दाखवली नाही. त्याच साली मार्चमध्ये महाडला पाण्याला हात लावला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. तलवार नव्हती. आपल्या वडीलधाऱ्यांना आपलं हत्यार कोणतं ते नीट माहीत होतं. विसरलो आपण.

त्या स्टेजवरच्या कार्यकर्त्याशी माझं पुढं बोलणं झालं. तो म्हणाला, ‘‘काका, तुम्ही आमच्या हातातली तलवार काढून घेता. शतकानुशतकं ती त्यांच्याच हातात होती. आता चित्रात तरी आमच्या हातात असू द्या.’’

त्याचं दुःख खोटं नाही. मी त्याला हसलो नाही. १८७८ च्या हत्यारबंदीच्या कायद्यानं सरकारनं लोकांची हत्यारं परवान्यात अडकवली, पण आपल्याला त्याच्या कितीतरी आधीपासून मनुनं निःशस्त्र केलेलं. हात रिकामा असलेल्या माणसाला चित्रातली तलवारही मोठी वाटते. पण मी त्याला विचारलं, ‘‘चित्रातली तलवार कुणाची आहे? नीट बघ. मूठ बघ, पेहराव बघ, घोड्याचा साज बघ. ती सरदाराची आहे. तू स्वतःला सरदाराच्या जागी बसवलंस. जागा तशीच ठेवलीस. गवत कापणारी बाई चित्रात कुठं आहे? धार लावणारा कुठं आहे?’’ तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘त्यांना कोण टाळ्या वाजवंल?’’

दोस्तहो, हाच खरा प्रश्न आहे. टाळ्या कुणाला वाजवायच्या हे ज्या दिवशी आपण ठरवू, त्या दिवशी आपली वेगळी संस्कृती सुरू होईल. तोवर आपण त्यांच्याच पोवाड्यात नाव बदलून घालतो आहोत. विद्रोह म्हणजे घोड्यावरचा माणूस बदलणं नव्हे.

माझी या चिठ्ठीवरची समीक्षा इथं येऊन थांबते. चिठ्ठीत खोटं काही नाही. साल बरोबर, नमुना बरोबर, पोलाद बरोबर. तरी ती अपुरी आहे, आणि तिचा अपुरेपणा अपघाती नाही. वस्तू ज्याच्या कमरेला होती त्याचं पद ती सांगते. ज्यांच्या हातांतून वस्तू गेली त्यांना गाळते. आपल्या साहित्याची समीक्षा करताना आपण हाच दोष दुसऱ्यांना दाखवतो. तो आपल्या पोस्टरमध्ये शिरला आहे, तेवढं मान्य करू.

निजामाच्या स्वारांची ती गोष्ट मी विसरू शकत नाही. निकामी म्हणून फेकलेलं पातं. साहेबापाशी ते नवं, सोनेरी होतं तेव्हा कापत नव्हतं. दुसऱ्याच्या हाती धार मिळाली, लाकडाचं घर मिळालं, विनाकारण उपसणं थांबलं, आणि तेच पातं कापू लागलं. आपल्यालाही कुणीतरी निकामी म्हणून फेकलं होतं. शिक्षण ही धार आहे, संघटना हे म्यान आहे, असं सोपं रूपक मी करणार नाही. सभेत ते फार झालं. एवढंच म्हणतो की रोज स्टेजवर उपसून खणखणवलेली चीज बोथट होते. हे मी म्हणत नाही, घोडदळाचा कॅप्टन म्हणतो.

आता काम. येत्या सुट्टीत प्रत्येक गटानं आपल्या जवळच्या संग्रहालयात जावं. एक वस्तू निवडावी. तलवार, पालखी, नगारा, जोतं, काहीही. खालची चिठ्ठी वहीत जशीच्या तशी उतरवावी. मग तिच्याखाली आपली चिठ्ठी लिहावी. कुणी बनवली, कुणी वाहिली, कुणी घासली, कुणाला हात लावायला बंदी होती. ठाऊक नसेल तर वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारावं. मनचं लिहू नये. चार ओळी पुरेत. या अंकासारख्याच पुढच्या अंकात आपण त्या छापू.

सुरुवात मी करतो. त्या धाकट्या पोरानं घरी जाऊन बापाला विचारलं. बापानं तलवार जन्मात हातात धरली नव्हती, पण वाकड्या पात्याला धार कशी काढतात ते त्यानं सांगितलं. त्याच्या बापानं त्याला सांगितलेलं. पातं दगडावर सरळ धरायचं नाही. वाकाबरोबर मनगट फिरवायचं, मुठीपासून टोकापर्यंत एका दमात. मधे थांबलं की त्या जागी खड्डा पडतो, आणि वार तिथंच अडतो. पोरानं ते वहीत लिहून आणलं. शुद्धलेखनाच्या सात चुका. मी एकही दुरुस्त केली नाही.

त्या तलवारीखाली माझ्या मते ती चिठ्ठी लावली पाहिजे.

जय भीम.